पंचवीस अँपिअरची बेरीज

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर छोट्या सीएनसी राउटरचं सामान घ्यायला आलेला माणूस यादी पुढे करतो, तेव्हा मोटरी, ड्रायव्हर आणि कंट्रोल बोर्ड पटापट काउंटरवर येतात. गाडी अडते ती पॉवर सप्लायपाशी. "मोटरी तीन ना? चार पॉइंट दोन अँपिअरच्या? एका मोटरीला फेज दोन. म्हणजे झाले पंचवीस अँपिअर. छत्तीस व्होल्टला नऊशे वॅट. दादा, हजारचाच घेऊन टाका, पुन्हा बघायला नको." गिऱ्हाइकाला हे पटतं. गुणाकार त्याने स्वतःही घरी केलेला असतो आणि त्याचंही उत्तर हेच आलेलं असतं.

गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकीचा आहे. मशीन जोरात चालू असताना तो जवळजवळ तिपटीने चुकतो आणि मोटरी जागेवर धरून उभ्या असताना नऊपटीहून जास्त. तरीही डिप्लोमाच्या प्रोजेक्टपासून लाकूडकामाच्या वर्कशॉपपर्यंत तो बिनदिक्कत चालतो. नुकसान नुसतं जास्तीच्या पैशांचं असतं, तर त्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण या बेरजेपायी व्होल्टेजची निवड बिघडते, मशीन रेंगाळतं, स्टेप सुटतात आणि शेवटी चांगल्या मोटरीला खराब ठरवून बदललं जातं. म्हणून या बेरजेचा मुळापासून समाचार घ्यायला हवा.

आधी तिच्या बाजूने जे खरं आहे ते सांगितलं पाहिजे. एके काळी ही बेरीज बरोबर होती. स्टेपर मोटरी साध्या ट्रान्झिस्टरवर चालत, तेव्हा सप्लायमधून निघालेला करंट थेट कॉइलमधून जाई आणि तितकाच परत येई. वेग हवा म्हणून व्होल्टेज वाढवलं, तर करंट आवरायला कॉइलला जोडून जाडजूड रेझिस्टर लावावा लागे. पाच व्होल्ट, एक अँपिअरची मोटर पंचवीस व्होल्टवर चालवायची तर प्रत्येक फेजला वीस ओहमचा रेझिस्टर लागे आणि त्यात वीस वॅट नुसते तापण्यात जात. त्या काळी कॉइलमध्ये जितके अँपिअर, तितकेच सप्लायचे अँपिअर. दुसरा मार्गच नव्हता.

आजही विद्यार्थ्यांचा स्टेपरशी पहिला परिचय याच पद्धतीने होतो. २८बीवायजे-४८ ही पाच व्होल्टची इवलीशी मोटर आणि सोबत यूएलएन२००३ ही चिप, हा जोड महाराष्ट्रातल्या अनेक इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांच्या हातून गेलेला असतो. तिच्या कॉइलचा रोध सुमारे पन्नास ओहम. पाच व्होल्टला एक दशांश अँपिअर, दोन कॉइल चालू असल्या तर दोन दशांश. इथे बेरीज चोख लागू पडते. पुढच्या वर्षी तोच विद्यार्थी एल२९८एनचं लाल मॉड्यूल आणतो, त्यावर दीड ओहमची, १.७ अँपिअरची मोटर बारा व्होल्टने चालवायला जातो आणि करंट हिशेबाने आठ अँपिअरकडे धावू लागतो. दोन अँपिअरची मर्यादा असलेलं मॉड्यूल तापतं, मोटर तापते. तो दोन धडे घेतो: मोटरीवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या वर जायचं नाही आणि अँपिअर भरपूर हवेत. त्या मॉड्यूलपुरते दोन्ही धडे बरोबर आहेत. चूक होते ती हेच धडे खऱ्या स्टेपर ड्रायव्हरला लावताना.

खरा स्टेपर ड्रायव्हर म्हणजे चॉपर. १९८० च्या दशकात एसजीएस कंपनीच्या एल२९७ आणि एल२९८ या चिपजोडीने ही पद्धत सर्वांच्या आवाक्यात आणली. वरच्या लाल मॉड्यूलवर या जोडीतली एल२९८ तेवढी असते. करंटवर पहारा ठेवणारी एल२९७ नसते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. पुढे आलेले ए४९८८, डीआरव्ही८८२५, टीबी६६००, डीएम५४२ हे सगळे चॉपरच. त्यांचं काम एकच: कॉइलमधला करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की सप्लाय तोडायचा, थोडा उतरला की पुन्हा जोडायचा. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं.

आता सप्लाय तोडलेला असताना कॉइलमधल्या करंटचं काय होतं, हे पाहिलं की बेरीज कुठे फसते ते दिसतं. करंट थांबत नाही. कॉइलच्या इंडक्टन्समुळे तो ड्रायव्हरच्या आतल्या आत फिरत राहतो आणि त्या वेळात सप्लायमधून थेंबभरही घेत नाही. नेमा २३ आकाराची एक नेहमीची मोटर घेऊ: ४.२ अँपिअर, ०.९ ओहम, ३.८ मिलिहेन्री. तिच्या कॉइलमध्ये ४.२ अँपिअर टिकवायला लागतात ४.२ गुणिले ०.९, म्हणजे अवघे ३.७८ व्होल्ट. सप्लाय छत्तीसचा. म्हणून ड्रायव्हर दर शंभर क्षणांपैकी दहा-अकरा क्षणच सप्लाय जोडतो. कॉइलमध्ये ४.२ अँपिअर अखंड वाहत असतात, पण सप्लायच्या तारेत त्यांची सरासरी भरते ०.४४ अँपिअर. दोन्ही फेज पूर्ण करंटवर धरल्या, तरी ०.८८.

हे ज्याला अविश्वसनीय वाटेल, त्याने वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या वेल्डिंग सेटकडे बघावं. दांडीच्या टोकाला दीडशे अँपिअर असतात, पंचवीसेक व्होल्टला. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या तारेतून इन्व्हर्टर सेट ओढतो विसाच्या आसपास. दांडीला दीडशे लागतात म्हणून कोणी महावितरणकडे दीडशे अँपिअरचं कनेक्शन मागायला जात नाही, कारण मधला सेट व्होल्टेज उतरवून अँपिअर वाढवतो हे तिथल्या हेल्परलाही ठाऊक असतं. स्टेपर ड्रायव्हर नेमकं हेच करतो. एका फेजसाठी छत्तीस व्होल्ट आणि अर्ध्याहूनही कमी अँपिअर घेतो, पावणेचार व्होल्ट आणि सव्वाचार अँपिअर देतो. दोन्ही बाजूंना सारखे राहतात ते वॅट, मधली थोडी गळती सोडून. म्हणून बेरीज करायची असेल तर वॅटची करायला हवी.

ती अवघड नाही. सप्लायमधून निघालेली वीज तीन ठिकाणी जाते: कॉइलच्या तांब्यात उष्णता म्हणून, शॅफ्टवर प्रत्यक्ष काम म्हणून, आणि थोडी ड्रायव्हरमध्ये व मोटरीच्या लोखंडात. तांब्यातली उष्णता काढायला करंटचा वर्ग गुणिले रोध, हे दहावीचं सूत्र पुरतं. दोन्ही फेजमध्ये एकाच वेळी पूर्ण ४.२ अँपिअर धरले, तर एका मोटरीचे होतात सुमारे ३२ वॅट. यापेक्षा वाईट स्थिती नाही. प्रत्यक्षात डीएम५४२ चा सर्वांत वरचा ४.२ चा आकडा हा शिखराचा असतो, त्याचा आरएमएस तीन अँपिअर. एका फेजचा करंट शिखरावर असतो तेव्हा दुसरीचा शून्यावर असतो. त्यामुळे उष्णता निम्मीच, सोळा वॅट. त्यावर मोटर थांबली की करंट निम्मा करणारी सोय वापरली, तर उभ्या मोटरीची उष्णता आणखी चौथ्या हिश्शावर येते.

आता काम. एक न्यूटन-मीटर टॉर्क देत मोटर मिनिटाला ६०० फेरे फिरली, तर शॅफ्टवर ६३ वॅट मिळतात. हा आकडा किती मोठा आहे, ते छोट्या राउटरवर नेहमी दिसणाऱ्या १६०५ बॉलस्क्रूवरून कळेल. एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकणारा हा स्क्रू एक न्यूटन-मीटरला सुमारे ११५ किलो वजनाइतका जोर देतो, तोही मिनिटाला तीन मीटर वेगाने. सागाच्या फळीवर नक्षी काढताना किंवा एमडीएफ कापताना एवढा जोर लागत नाही. लागला तर मोटरीआधी कटर मोडेल. तरीही बेरजेच्या समर्थकांच्या समाधानासाठी तिन्ही मोटरी एकाच क्षणी एवढं काम करतात असं मानू. एका मोटरीचे ३२ अधिक ६३, म्हणजे ९५ वॅट. तिघींचे २८५. गळतीसाठी पंधरा टक्के वाढवले की ३३० च्या आतबाहेर. म्हणजे प्रत्यक्षात कधीही न येणारी अवस्था गृहीत धरूनही छत्तीस व्होल्टचा, ३५० वॅटचा, पावणेदहा अँपिअरचा सप्लाय पुरतो. बेरजेने मागितले होते ९०७ वॅट.

एका मार्गाने आलेलं उत्तर दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहावं. अमेरिकेतल्या गेकोड्राइव्ह या ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीचा बरीच वर्षं वापरात असलेला ठोकताळा असा: मोटरीच्या लेबलवरच्या फेज करंटचा दोन-तृतीयांश दर मोटरीमागे धरा, वाइंडिंग सिरीजमध्ये जोडलं असेल तर एक-तृतीयांश. ४.२ चा दोन-तृतीयांश २.८, तीन मोटरींचे ८.४ अँपिअर, छत्तीस व्होल्टला ३०२ वॅट. उष्णता आणि काम मोजून आलेला आकडा आणि हा ठोकताळा एकमेकांच्या जवळ बसतात. पंचवीस अँपिअर दोघांच्याही आसपास नाहीत.

इथे नेहमीचा प्रश्न येतो. बरं, लागत नसतील हजार वॅट. पण घेतले तर बिघडलं काय? मोठा सप्लाय मोटरीत बळजबरीने करंट कोंबत नाही, ड्रायव्हर हवा तेवढाच घेतो. एवढं म्हणणं खरं आहे, ते मान्य केलंच पाहिजे. पण खरेदीच्या वेळी काय घडतं ते पाहायला हवं. छत्तीस व्होल्टला पंचवीस अँपिअर देणारा सप्लाय महाग असतो आणि पटकन मिळतही नाही. चोवीस व्होल्ट, पंचवीस अँपिअर मात्र मिळतो. त्याहून सहज मिळतो तो एलईडी पट्ट्यांसाठी पेट्यांनी खपणारा बारा व्होल्ट, तीस अँपिअरचा. अँपिअरच मोजायचे ठरवलेला माणूस खुशीत तो उचलतो, कारण त्यावर पंचवीसपेक्षा मोठा आकडा लिहिलेला असतो. बारा व्होल्टला तीस अँपिअर म्हणजे ३६० वॅट. छत्तीस व्होल्टला दहा अँपिअर म्हणजेही ३६० वॅट. ताकद सारखीच, पण एकावर मशीन पळतं आणि दुसऱ्यावर रांगतं. बेरजेचं खरं नुकसान इथे होतं.

ते का होतं, हेही आकड्यांतच दिसतं. कॉइलमध्ये करंट एकदम उभा राहत नाही, चढायला वेळ लागतो. आणि तो चढण्याचा वेग व्होल्टेजवर ठरतो. इंडक्टन्स गुणिले करंट भागिले व्होल्टेज, एवढंच गणित. वरच्या मोटरीला ४.२ अँपिअर गाठायला बारा व्होल्टवर १.३३ मिलिसेकंद लागतात, चोवीसवर ०.६७, छत्तीसवर ०.४४ आणि अठ्ठेचाळीसवर ०.३३. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या वेगाला एका पूर्ण स्टेपसाठी मिळतो अर्धा मिलिसेकंद. म्हणजे बारा आणि चोवीस व्होल्टवर करंट पुरता चढायच्या आत त्याच्या परतीची वेळ होते. छत्तीसवर जेमतेम जमतं, अठ्ठेचाळीसवर आरामात. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, ते यात धरलेलंच नाही. ते धरलं तर चोवीसची अवस्था आणखी वाईट दिसेल. करंट नाही तर टॉर्क नाही, आणि टॉर्क नसलेली मोटर घुरघुरत जागच्या जागी थरथरते.

मग पुढचा अध्याय सुरू होतो. मालक म्हणतो, मोटर कमी पडली. आणखी मोठी आणतो. मोठ्या मोटरीचं इंडक्टन्स बहुधा जास्त, त्यामुळे त्याच सप्लायवर तिचा करंट आणखी हळू चढतो आणि जोरात पळवताना ती आधीच्या मोटरीपेक्षाही लवकर हार मानते. नव्या मोटरीवर अँपिअरही जास्त लिहिलेले असतात, म्हणून बेरीज पुन्हा मांडली जाते आणि सप्लाय आणखी मोठा येतो, व्होल्टेज तेवढंच ठेवून. आकड्याने मोठं होत गेलेलं आणि वेगाने तिथेच राहिलेलं असं मशीन पाहिलेला माणूस या धंद्यात शोधावा लागत नाही. त्याच्या मुळाशी पहिल्या दिवशीचा तो गुणाकार असतो.

थ्रीडी प्रिंटरच्या दुनियेनेही हाच रस्ता पार केला. एड्रियन बोयर यांनी २००५ साली इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातून सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पाच्या पहिल्या पिढ्या बारा व्होल्टवर चालत, कारण कॉम्प्युटरचा जुना सप्लाय सगळ्यांकडे पडलेला असे. पुढे उत्पादक चोवीस व्होल्टकडे वळले. प्रुसा या उत्पादकाच्या प्रिंटरमध्ये हा बदल २०१७ च्या एमके३ बरोबर आला. आणि या प्रिंटरच्या सप्लायमधले बहुतांश वॅट मोटरी खातच नाहीत, ते जातात तापणाऱ्या बेडला. पाच मोटरींच्या अँपिअरची बेरीज करून प्रिंटरचा सप्लाय निवडणारा माणूस किरकोळ गिऱ्हाइकाचा हिशेब मांडतो आणि मोठ्या गिऱ्हाइकाला विसरतो.

दुसरा आक्षेप जास्त भीतीचा आहे. मोटरीवर पावणेचार व्होल्ट लिहिले असताना छत्तीस दिले तर ती जळणार नाही का? नाही, कारण ते पावणेचार व्होल्ट ही मर्यादा नव्हे, ४.२ आणि ०.९ यांचा तो गुणाकार आहे. चॉपर करंट आवरतो, म्हणून कॉइलला ४.२ च्या वर काही पोचतच नाही. अर्थात व्होल्टेज वाढवायलाही सीमा आहे. ते फार वाढलं तर करंटचा चढउतार तीव्र होतो आणि लोखंडातली उष्णता वाढते. त्यासाठीही गेकोड्राइव्हचाच ठोकताळा कामी येतो: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढून त्याला बत्तीसने गुणायचं. ३.८ चं वर्गमूळ १.९५, म्हणजे या मोटरीची वरची हद्द ६२ व्होल्ट. दुसरी हद्द ड्रायव्हरची: डीएम५४२ पन्नास व्होल्टच्या पुढे चालत नाही. दोहोंत जी लहान तिच्या आत, आणि तिला खेटून नव्हे, असं व्होल्टेज घ्यायचं. म्हणून या जोडीला छत्तीस शोभतात. अठ्ठेचाळीस हवे असतील, तर ऐंशी व्होल्ट सोसणारा ड्रायव्हर घ्यावा.

तिसरा आक्षेप अनुभवातून येतो, म्हणून तो जास्त आदराने ऐकायला हवा. "आम्ही ३५० चा लावून बघितला. मशीन धावत जाऊन थांबलं की सप्लाय बंद पडायचा. मोठा लावला, तक्रार गेली." इथे विचारायचा प्रश्न एकच: बंद कधी पडतो? वेग घेताना की थांबताना? वेग घेताना पडत असेल, तर सप्लाय खरोखर अपुरा आहे आणि तक्रार रास्त आहे. थांबताना पडत असेल, तर गोष्ट उलट आहे. त्या क्षणी मोटर वीज घेत नसते, देत असते. धावणाऱ्या गॅन्ट्रीची गती मोटरीला जनरेटर बनवते आणि वीज ड्रायव्हरमधून सप्लायकडे परत येते. एसएमपीएसला, म्हणजे नेहमीच्या स्विचिंग सप्लायला, ती परत घेता येत नाही, व्होल्टेज वर चढतं आणि ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण सप्लाय बंद करतं.

वीस किलोची गॅन्ट्री सेकंदाला अर्धा मीटर वेगाने पळत असेल, तर तिच्यात अडीच ज्यूल ऊर्जा असते. आकडा क्षुल्लक दिसतो. पण ही सगळी ऊर्जा परत आली आणि वाटेत फक्त हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असला, तर छत्तीसचं व्होल्टेज एकोणऐंशीवर जाईल. दहा हजार मायक्रोफॅरड असले, तर बेचाळीसच्या थोडं वर. घर्षण आणि तांब्याची उष्णता यांत बराच भाग विरतो, म्हणून प्रत्यक्षात चढ कमी असतो. पण पन्नास व्होल्टच्या ड्रायव्हरला धोका कुठून येतो, हे यावरून कळतं. उपाय आहे ड्रायव्हरांपाशी पुरेसा कपॅसिटर, वाढीव व्होल्टेज रेझिस्टरमध्ये जिरवणारं सर्किट आणि कंट्रोलरमधून वेग थोडा सौम्यपणे उतरवणं. मोठ्या सप्लायच्या पोटातले कपॅसिटर जरा मोठे असतात, म्हणून तो लावल्यावर कधी कधी तक्रार थांबते. दुखणं बरं झालं ते कपॅसिटरमुळे, श्रेय मिळालं वॅटला.

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर असा साधा सप्लाय बांधणारे या बाबतीत निश्चिंत असतात, कारण तो परत आलेली वीज मुकाट पोटात घेतो. त्याची परीक्षा दुसरीकडे होते. छत्तीस व्होल्ट हवेत म्हणून छत्तीस व्होल्ट सेकंडरीचा ट्रान्सफॉर्मर आणला, तर कपॅसिटरवर उभे राहतात सुमारे पन्नास, आणि लाइन दहा टक्के वर गेली की पंचावन्न. डीएम५४२ तिथेच जातो. चोवीस व्होल्टची सेकंडरी चौतीसच्या आसपास देते, लाइन वाढली तर सदतीस, ती योग्य. कपॅसिटरसाठी ऐंशी हजार गुणिले अँपिअर भागिले व्होल्ट हा ठोकताळा आहे: ८.४ अँपिअर आणि ३६ व्होल्टला साडेअठरा हजार मायक्रोफॅरडच्या थोडं वर.

मोठ्या सप्लायचा एक तोटा दुकानात कोणी सांगत नाही. एखादा ड्रायव्हर आतून शॉर्ट झाला, तर ३५० वॅटचा सप्लाय लवकर संरक्षणात जातो. हजार वॅटचा सप्लाय त्याच बारीक तारेत पंचवीस-तीस अँपिअर ओतत राहतो आणि त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. इन्सुलेशन वितळतं, पीसीबीवरची तांब्याची वाट जळते. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र फ्यूज असेल तर हे टळतं. पण पंचवीस अँपिअर लागतात असं मानणारा माणूस फ्यूजही त्याच हिशेबाने मोठा टाकतो.

समर्थकांची एक बाजू मात्र पूर्णपणे खरी आहे. बाजारातल्या बिनब्रँड सप्लायवर छापलेले वॅट आणि त्यातून निघणारे वॅट सारखेच असतील याची हमी नसते, आणि कागदावरचा पूर्ण भार बहुतेक एसएमपीएस पन्नास अंश तापमानापर्यंतच पेलतात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर जातो. हिंगण्याच्या शेडमध्ये बंद पॅनेलच्या आत आणखी दहा अंश चढले की ३५० वॅटचा सप्लाय ३५० वॅटचा राहत नाही. म्हणून वीस-तीस टक्के मोकळीक ठेवावी, पॅनेलला पंखा आणि फिल्टर लावावा, सप्लाय नाव असलेल्या कंपनीचा घ्यावा. एका फळीवर सतत दोन-दोन तास नक्षीकाम करणाऱ्याने तर नक्कीच. पण ही मोकळीक खऱ्या गरजेवर ठेवायची असते. तीनशेवर तीस टक्के म्हणजे चारशेच्या आत-बाहेर; नऊशेचा आकडा त्यातून निघत नाही.

हा वाद मतांवर सोडायचं कारणच नाही, कारण तो मोजून मिटतो. आयटीआयच्या वर्गात किंवा वर्कशॉपच्या बाकावर अर्ध्या तासाचं काम आहे. सप्लाय बंद करून ड्रायव्हरकडे जाणारी पॉझिटिव्ह तार मोकळी करायची आणि तिथे दहा अँपिअरच्या रेंजवर मीटर लावायचा. डीसी मोजणारा टाँग टेस्टर असला तर तारही सोडायला नको. ड्रायव्हर चालू असताना मोटरीच्या तारांना मात्र हात लावायचा नाही, चालू कॉइल तोडली की ड्रायव्हर मरतो. मग मोटर जागेवर धरलेली असताना आकडा लिहायचा, रिकाम्या धावेला लिहायचा, जाड फळीत खोल कट घेताना लिहायचा, आणि शेवटी तिन्ही अक्ष एकदम पळवून सर्वांत मोठा आकडा टिपायचा. ४.२ अँपिअरची मोटर छत्तीस व्होल्टवर उभी असताना मीटर एकाच्या आतच थांबलेला पाहिला, की पंचवीस अँपिअरची गोष्ट त्या वर्गात पुन्हा निघत नाही. तो सर्वांत मोठा आकडा, सप्लायचं व्होल्टेज आणि तारीख मार्करने पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी चौथा अक्ष जोडायची वेळ येईल, तेव्हा दुकानात जाण्याआधी ते दार उघडायचं.